पहिले साठ फूट : वॉरन स्पान आणि पिचर नावाचे कोडे

२५ ऑक्टोबर २०२५ रोजी टोरोंटोमध्ये बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकेतील विजेतेपद ठरवणाऱ्या अंतिम मालिकेचा, दुसरा सामना झाला. त्यात लॉस एंजेलिस डॉजर्सच्या योशिनोबू यामामोतो या जपानी पिचरने आपल्या संघाकडून पहिला चेंडू टाकला आणि शेवटचाही त्यानेच टाकला. मधल्या वेळात संघातल्या दुसऱ्या कुणी चेंडू टाकला नाही, आणि अमेरिकेत हीच मोठी बातमी ठरली, कारण वर्ल्ड सिरीजमध्ये असे २०१५ नंतर प्रथमच घडले होते. क्रिकेटवर वाढलेला मराठी वाचक इथे बुचकळ्यात पडतो. यामामोतोने त्या रात्री एकूण १०५ चेंडू टाकले. आपल्या हिशेबाने ही साडेसतरा षटके झाली, आणि कसोटीतला वेगवान गोलंदाज एवढी षटके एखाद्या दिवसात टाकून पुन्हा सीमारेषेवर क्षेत्ररक्षणाला उभा राहतो. मग यात एवढे नवल कसले?

नवल दोन आकड्यांच्या तुलनेत आहे. २०२४ च्या नियमित मोसमात अमेरिकेच्या मुख्य लीगमधील तीसही संघांच्या सगळ्या पिचरांनी मिळून जेमतेम २८ सामने असे एकहाती पूर्ण टाकले. १९५१ मध्ये बॉस्टन ब्रेव्ह्ज संघाच्या वॉरन स्पान या एकट्या डावखुऱ्या पिचरने २६ टाकले होते. हा स्पान १९४२ ते १९६५ या काळात २१ मोसम खेळला, ३६३ सामने त्याच्या नावावर विजय म्हणून नोंदले गेले आणि आजवर कोणत्याही डावखुऱ्या पिचरला तो आकडा गाठता आलेला नाही. पिचरचे काम नेमके काय असते आणि मधल्या सत्तर वर्षांत ते इतके का बदलले, हे समजून घ्यायला त्याच्या कारकिर्दीइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

लागेल तेवढीच तोंडओळख

बेसबॉलच्या सामन्यात नऊ डाव असतात. प्रत्येक डावात दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात आणि तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. म्हणजे सामना जिंकायला साधारणपणे सत्तावीस गडी बाद करावे लागतात. चेंडू टाकणारा तो पिचर. मैदानाच्या मधोमध मातीचा लहानसा उंचवटा असतो, त्यावरून तो चेंडू टाकतो. तिथून फलंदाजासमोरच्या पांढऱ्या पाटीपर्यंतचे अंतर साठ फूट सहा इंच, म्हणजे सुमारे साडेअठरा मीटर आहे. क्रिकेटची खेळपट्टी त्याहून दीडेक मीटरने लांब असते.

चेंडूला टप्पा नसतो, तो थेट येतो. तो त्या पाटीच्या वरून, फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यातून गेला, किंवा फलंदाजाची बॅट हवेतच फिरली, तर एक स्ट्राइक मोजली जाते. तीन स्ट्राइक झाल्या की फलंदाज बाद. पट्ट्याबाहेर पडलेला आणि फलंदाजाने सोडलेला चेंडू पिचरच्या विरोधात मोजला जातो, आणि असे चार झाले की फलंदाज फुकटात पहिल्या तळावर, म्हणजे धाव पूर्ण करायला ओळीने गाठाव्या लागणाऱ्या चार थांब्यांपैकी पहिल्यावर, जातो. पिचरने सुरुवातीपासून अखेरपर्यंत एकट्याने सामना टाकला तर त्याला कंप्लीट गेम म्हणतात, आणि पूर्ण सामन्यात प्रतिस्पर्ध्याला एकही यशस्वी फटका मारू दिला नाही तर तो नो-हिटर. एवढी शब्दसंपदा या लेखाला पुरेल.

क्रिकेटशी एक फरक मात्र इथेच सांगायला हवा. आपल्याकडे कोपर वाकवून सरळ करत टाकलेला चेंडू फेकी ठरतो आणि नोबॉल दिला जातो. बेसबॉलमध्ये फेकणे हेच काम आहे. शेतात माचाणावर उभा राहून पाखरे उडवणाऱ्याची गोफण आठवा. जोर पायांतून सुटतो, कमरेतून वळतो, खांद्यातून पुढे जातो आणि शेवटी दोरीच्या टोकाशी, म्हणजे इथे मनगटाशी, फुटतो. या साखळीतला सर्वांत कच्चा दुवा कोपराच्या आतल्या बाजूचा एक अस्थिबंध असतो. तो लेखात पुढे पुन्हा येणार आहे.

पिचर नेमके काय बिघडवतो

ताशी १४५ किलोमीटर वेगाने निघालेला चेंडू पिचरच्या हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत पोहोचायला साधारण ०.४ सेकंदापेक्षा किंचित जास्त वेळ घेतो. यातले जवळपास ०.१५ सेकंद तर नुसती बॅट फिरवण्यात जातात. म्हणजे मारायचे की सोडायचे, आणि मारायचे तर कुठे, हे चेंडू निम्मी वाट चालून येईपर्यंत ठरवावे लागते. त्यापुढे फलंदाज चेंडू पाहून खेळत नाही, आपल्या अंदाजावर खेळतो.

आता हाताची हालचाल अगदी तीच ठेवून पिचरने चेंडू ताशी १२० किलोमीटरने सोडला, तर तो सेकंदाच्या जवळजवळ दहाव्या हिश्श्याइतका उशिरा येतो. तेवढ्यात बॅट पुढे निघून गेलेली असते. फलंदाजाचे डोळे उत्तम असून उपयोग नाही, कारण चूक नजरेची नसते, वेळेची असते. संगीताच्या बैठकीत बसणाऱ्याला हे लगेच कळेल. ऐकणारा मनातल्या मनात समेची वाट पाहत असतो, तबलजी लय तीच दाखवत एखादी तिहाई अशी काही बांधतो की हात मांडीवर पडतो तेव्हा सम अजून यायची असते. स्पानने आपल्या धंद्याची व्याख्या अशीच केली होती: फलंदाजी म्हणजे वेळ साधणे, आणि पिचिंग म्हणजे ती वेळ बिघडवणे. त्याच्या या वाक्यात वेगाचा उल्लेख नाही, आणि त्याची सगळी कारकीर्द त्या न केलेल्या उल्लेखात दडलेली आहे.

दुसरे त्याचे सांगणे पाटीबद्दल होते. पाटी सतरा इंच रुंद असते, पण मधले बारा इंच माझ्या लेखी नसतातच, मी दोन्ही कडांच्या अडीच-अडीच इंचांवर टाकतो, असे तो म्हणे. अडीच इंच म्हणजे चेंडूच्या व्यासाहूनही थोडे कमी. आपल्याकडच्या वाचकाला इथे बापू नाडकर्णी आठवल्याशिवाय राहणार नाहीत. नाशिकच्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने जानेवारी १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध ३२ पैकी २७ षटके निर्धाव टाकली होती आणि सलग १३१ चेंडूंवर धाव दिली नव्हती. खेळ वेगळे, उद्दिष्टेही वेगळी, कारण नाडकर्णींना त्या डावात बळी एकही मिळाला नाही. पण एकाच जागी पुन्हा पुन्हा चेंडू नेऊन ठेवण्याची चिकाटी त्याच जातीची, आणि योगायोगाने काळही तोच.

बफेलोचा मुलगा, एक रागावलेला व्यवस्थापक आणि ऱ्हाइनवरचा पूल

स्पानचा जन्म २३ एप्रिल १९२१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात झाला. वडील भिंतीला लावायच्या कागदाचे विक्रेते होते आणि स्वतः हौशी बेसबॉल खेळत. मुलाला त्यांनी जोरापेक्षा हालचालीचा ओघ शिकवला. मुलाला खरे तर पहिल्या तळावर क्षेत्ररक्षण करायचे होते, परंतु शाळेच्या संघात ती जागा आधीच भरलेली होती, म्हणून तो पिचर झाला.

१९४० मध्ये ब्रेव्ह्जने त्याला करारबद्ध केले आणि एप्रिल १९४२ मध्ये तो मुख्य लीगमध्ये पहिल्यांदा उतरला. त्या वेळी संघाचा व्यवस्थापक केसी स्टेंगल होता. त्याने या पोराला प्रतिस्पर्धी संघातील पी वी रीझ या फलंदाजाच्या डोक्याच्या दिशेने चेंडू टाकायला सांगितले. स्पानने तसे टाकले नाही. याच्यात धमक नाही, असा शेरा मारून स्टेंगलने त्याला खालच्या लीगमध्ये पाठवून दिले. पुढे हाच स्टेंगल न्यूयॉर्क यांकीजला सात वर्ल्ड सिरीज जिंकून देणारा महान व्यवस्थापक झाला आणि स्पानबद्दलचा तो निर्णय आपली सर्वांत मोठी चूक होती, असे कबूल करत राहिला.

धमक आहे की नाही, हा प्रश्न निकालात निघायला फार दिवस लागले नाहीत. स्पान सैन्यात गेला, २७६ व्या लढाऊ अभियंता बटालियनमधून युरोपात पोहोचला आणि आर्डेन्सच्या जंगलातील १९४४ च्या हिवाळ्यातील लढाईत होता. मार्च १९४५ मध्ये त्याची तुकडी रेमागेन येथील ऱ्हाइन नदीवरच्या लुडेनडॉर्फ पुलावर काम करत होती. जर्मन सैन्याला तो पूल पूर्णपणे उडवता आला नव्हता, अमेरिकनांनी तो ७ मार्चला ताब्यात घेतला आणि मोडक्या अवस्थेतच त्याच्यावरून रणगाडे पलीकडे नेले. तोफगोळे पडत असताना अभियंते तुळया सांधत होते. १७ मार्चला पूल नदीत कोसळला आणि काम करणारे अनेक अभियंते त्याच्याबरोबर गेले. स्पानच्या पायाला गोळ्याचा तुकडा लागला, त्याला पर्पल हार्ट हे जखमी सैनिकांना दिले जाणारे पदक मिळाले आणि रणांगणावरच अधिकारी म्हणून बढतीही मिळाली. त्यानंतर बेसबॉलमध्ये सांगितलेले कोणतेही काम आपल्याला कष्टाचे वाटले नाही, असे तो सांगत असे. बढतीमुळे सैन्यातला मुक्काम मात्र लांबला, आणि मुख्य लीगमधला पहिला विजय मिळाला तेव्हा १९४६ चा अर्धा मोसम संपला होता. वय २५ वर्षे. पुढच्याच वर्षी त्याने २१ विजय मिळवले.

पावसाची प्रार्थना कशासाठी

१९४८ मध्ये बॉस्टनच्या एका वृत्तपत्रातील एक छोटीशी कविता साऱ्या शहराच्या तोंडी झाली. तिचा आशय असा होता, की आधी स्पान टाकेल, मग जॉनी सेन टाकेल, त्यानंतर पाऊस पडावा अशी प्रार्थना करू या. विनोद समजायला पिचरच्या विश्रांतीचे गणित कळावे लागते. गोफणीसारख्या त्या फेकीने स्नायू आणि अस्थिबंध इतके ताणले जातात, की सामना सुरू करणारा पिचर दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरत नाही. त्या काळी तो साधारणपणे चौथ्या दिवशी उतरे, आज पाचव्या किंवा सहाव्या दिवशी. संघ मात्र जवळजवळ रोज खेळतो, म्हणून त्याला चार-पाच बरे पिचर लागतात. ब्रेव्ह्जकडे भरवशाचे दोनच होते. मधल्या दिवशी पाऊस पडून सामना रद्द झाला, की पुन्हा स्पानची पाळी. त्या वर्षी संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचला आणि क्लीव्हलँडकडून हरला. गंमत अशी, की कवितेत नाव आधी स्पानचे असले तरी त्या मोसमात सेनचे विजय २४ आणि स्पानचे १५ होते. यमकापुढे आकडेवारीचे काही चालत नाही.

वेग ओसरल्यावर

तरुणपणी स्पानकडे वेग होता. १९४९ ते १९५२ अशी सलग चार वर्षे आपल्या लीगमध्ये (मुख्य लीगचे असे दोन भाग आहेत) तीन स्ट्राइकवर सर्वाधिक फलंदाज त्याने बाद केले, १९५१ मध्ये दुसऱ्या एकाच्या बरोबरीने. १९५० मध्ये त्याने असे १९१ फलंदाज टिपले आणि २१ सामने जिंकले. १९६३ मध्ये असे फलंदाज फक्त १०२ होते, तरीही विजय होते २३ आणि पराभव फक्त सात. तेव्हा त्याचे वय ४२ होते. हाताचा वेग उतरत गेला आणि विजय तसेच राहिले, याचा अर्थ मधल्या काळात त्याने दुकानातला माल बदलला.

त्याने आणलेला मुख्य माल म्हणजे स्क्रूबॉल. डावखुऱ्या पिचरचा नेहमीचा वळणारा चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजाकडे आत येतो. स्क्रूबॉलमध्ये मनगट उलट्या दिशेने वळवले जाते आणि चेंडू फलंदाजापासून बाहेर, खाली जातो, आपल्याकडे डावखुरा फिरकी गोलंदाज उजव्या फलंदाजाला बाहेर काढतो तसा. शिवाय तो हळू येतो. नंतर त्याने स्लायडरही शिकून घेतला, म्हणजे वेगाने येऊन शेवटच्या क्षणी थोडासाच सरकणारा चेंडू. आता एकाच हालचालीतून आत येणारा, बाहेर जाणारा, वेगवान आणि मंद असे चारही प्रकार निघू शकत होते आणि फलंदाजाला सम सापडणे आणखी अवघड झाले.

हालचालही पाहण्यासारखी होती. तो दोन्ही हात मागे झोकून डोक्यावर न्यायचा, उजवा पाय इतका उंच उचलायचा की बुटाचा तळ फलंदाजाला दिसावा, आणि त्या पायाआड चेंडू शेवटपर्यंत दडलेला राहायचा. फलंदाजाकडच्या ०.४ सेकंदांतला थोडा वेळ त्याने असा आधीच कापून घेतलेला असे. जोर पायांतून आणि कमरेतून येत असल्यामुळे खांद्यावरचा भारही कमी होई. डावखुरा पिचर उभा राहतो तेव्हा त्याचे तोंड पहिल्या तळाकडे असते, त्यामुळे तिथल्या धावपटूने पाऊल पुढे टाकले की स्पान चेंडू फलंदाजाकडे टाकण्याऐवजी तिकडे फेकून त्याला बाद करी. या कामात तो इतका पटाईत होता, की धावपटू तळाला चिकटून उभे राहत.

पहिला नो-हिटर त्याने टाकला सप्टेंबर १९६० मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, फिलाडेल्फियाविरुद्ध. दुसरा एप्रिल १९६१ मध्ये, ४० वर्षे पूर्ण झाल्यावर पाच दिवसांनी, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध.

२ जुलै १९६३

त्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये जायंट्स संघाकडून डॉमिनिकन रिपब्लिकचा २५ वर्षांचा ह्वान मारिशाल टाकत होता. पलीकडे ४२ वर्षांचा स्पान होता, आणि त्याचा ब्रेव्ह्ज संघ एव्हाना बॉस्टन सोडून मिलवॉकीला येऊन दहा वर्षे झाली होती. नऊ डाव संपले तेव्हा धावफलकावर दोन्हीकडे शून्य होते. बेसबॉलमध्ये बरोबरी झाली की डाव वाढत जातात. दहावा, अकरावा, बारावा, तरीही शून्य. जायंट्सच्या व्यवस्थापकाने मारिशालला आता बाहेर ये म्हणून सुचवले, तेव्हा समोरचा माणूस ४२ वर्षांचा आहे, तो टाकतो आहे तोवर मी हलणार नाही, असे उत्तर त्याला मिळाले. दरम्यान स्पानने स्वतः फलंदाजी करताना सातव्या डावात उजव्या बाजूच्या कुंपणावर चेंडू आदळवला होता. त्या काळी पिचरलाही फलंदाजी करावी लागे, आणि कारकिर्दीत त्याने ३५ होमरन मारले, म्हणजे आपल्या भाषेत थेट सीमापार.

सोळाव्या डावात एक गडी बाद झाल्यावर विली मेज आला. स्पानने स्क्रूबॉल टाकला. चेंडू जितका वळायला हवा होता तितका वळला नाही आणि मेजने तो डावीकडच्या कुंपणापलीकडे भिरकावला. सामना १-० असा संपला. स्पानचे चेंडू मोजले तर २०१ भरतात, मारिशालचे २२७. आपल्या हिशेबाने दोघांची मिळून ७१ षटके होतात, आणि पूर्ण सामन्यात धाव पडली फक्त एक.

मेजच्या बाबतीत स्पानचे नशीब आधीपासूनच वाकडे होते. २८ मे १९५१ रोजी न्यूयॉर्कमध्ये विशीतला मेज मुख्य लीगमध्ये नवखा होता आणि पहिल्या बारा प्रयत्नांत त्याला एकही फटका साधला नव्हता. तेरावा त्याने स्पानवर साधला, आणि तो होमरन होता. त्या चेंडूविषयी विचारल्यावर स्पानने दिलेले उत्तर बेसबॉलच्या दंतकथांत जाऊन बसले आहे: पहिले साठ फूट तो चेंडू अप्रतिम होता. राहिलेल्या सहा इंचांबद्दल तो काही बोलला नाही.

विजय त्याचा की संघाचा

इथे चिकित्सक वाचक हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. धावा फलंदाज काढतात, झेल क्षेत्ररक्षक घेतात, मग ३६३ विजय एकट्या पिचरच्या खात्यावर कसे? दहीहंडी फोडणारा वरचा गोविंदा दिसतो, पण खालचे थर डगमगले तर तो हंडीपर्यंत पोहोचत नाही. नियम असा आहे, की सामना सुरू करणाऱ्या पिचरने किमान पाच डाव टाकलेले असावेत आणि त्याने जागा सोडली तेव्हाची आघाडी शेवटपर्यंत टिकावी, तर विजय त्याच्या नावे लिहिला जातो. या मोजणीचा विचित्रपणा स्पानच्याच कारकिर्दीत दिसतो. १४ जून १९५२ रोजी शिकागो कब्जविरुद्ध त्याने पंधरा डाव टाकले, १८ फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद केले, संघाची एकमेव धावही त्यानेच होमरन मारून मिळवली, आणि सामना ३-१ असा हरला. नोंदवहीत त्या दिवशी त्याच्या नावापुढे पराभव आहे. त्या अख्ख्या मोसमात त्याचे १४ विजय आणि १९ पराभव होते, कारण संघ सातव्या क्रमांकाचा होता.

उलट बाजूही आहे. १९५४ नंतर त्याच्यामागे हँक एरन आणि एडी मॅथ्यूज यांच्यासारखे फलंदाज होते आणि विजयांचा आकडा वाढण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. म्हणून आजचे अभ्यासक विजयांपेक्षा दर नऊ डावांमागे पिचरने स्वतःच्या चुकीने किती धावा दिल्या, ते पाहतात. स्पानचा हा आकडा कारकिर्दीभरासाठी ३.०९ आहे, आणि १९४७, १९५३ व १९६१ अशा तीन वेगवेगळ्या दशकांत तो आपल्या लीगमध्ये सर्वांत कमी होता. १९५७ मध्ये सर्वोत्तम पिचरचे साय यंग पारितोषिक त्याला मिळाले, आणि त्याच वर्षी ब्रेव्ह्जने स्टेंगलच्या यांकीजना हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. १९५८ ला तोच संघ ३-१ ने पुढे असताना त्याच यांकीजकडून हरला.

पूर्वीचे खांदे दणकट होते का

स्पानने सुरू केलेल्या ६६५ सामन्यांपैकी ३८२ स्वतःच संपवले. हे वाचले की बहुतेकांच्या तोंडून एकच उद्गार निघतो: पूर्वीची माणसेच वेगळी, आजची पोरे नाजूक. मला हे पटत नाही. पेठेतला दोनशे वर्षांचा वाडा दाखवून जुने बांधकाम भक्कम असे, असे आपण म्हणतो तेव्हा पडलेले वाडे मोजत नाही, कारण ते दिसतच नाहीत. ब्रुकलिनच्या कार्ल स्पूनरने १९५४ मध्ये आपल्या पहिल्याच सामन्यात १५ फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद केले. पुढच्या वर्षी खांदा गेला आणि १९५५ नंतर तो मुख्य लीगमध्ये दिसला नाही. स्पानइतकाच थोर मानला गेलेला डावखुरा सँडी कोफॅक्स १९६६ मध्ये २७ सामने जिंकून, कोपराच्या संधिवातामुळे, वयाच्या तिसाव्या वर्षी निवृत्त झाला. त्याचे एकूण विजय १६५. त्या काळी हात दुखू लागला की उपाय नव्हता. कोपराच्या त्या अस्थिबंधाच्या जागी शरीरातलाच दुसरा स्नायुबंध बसवण्याची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर प्रथम १९७४ मध्ये केली आणि तिला रुग्णाचेच नाव पडले. आज ही शस्त्रक्रिया करून घेतलेले पिचर प्रत्येक संघात सापडतात.

बदलले ते कामाचे स्वरूप. स्पानच्या काळी पिचरला नऊ डाव पुरवायचे असत, म्हणून तो हात राखून टाके. दुबळ्या फलंदाजाला, आणि विशेषतः समोर फलंदाजीला आलेल्या प्रतिस्पर्धी पिचरला, तो अर्ध्या जोराने निकालात काढी आणि धावपटू तळांवर असतानाच पूर्ण ताकद वापरी. आज दुबळा फलंदाज उरलेला नाही. पिचरच्या जागी खास फलंदाज पाठवण्याचा नियम एका लीगमध्ये १९७३ पासून आणि दुसरीत २०२२ पासून कायमचा लागू आहे. एकाच पिचरला तिसऱ्यांदा सामोरा जाणारा फलंदाज त्याला अधिक चांगला ओळखतो, हे आकडेवारीने दाखवून दिल्यावर व्यवस्थापक तशी वेळ येण्याआधीच ताजा पिचर आणतात. ज्याला पाच-सहा डावच टाकायचे आहेत तो प्रत्येक चेंडू जिवाच्या आकांताने टाकतो आणि अस्थिबंध त्याच ओढीने तुटतो. मॅरेथॉन धावणाऱ्याला शंभर मीटरच्या शर्यतीत उतरवून, तू पुढे का धावला नाहीस, असे विचारण्यासारखे हे आहे.

समोरचे फलंदाज कितपत कसलेले होते

दुसरी शंका प्रतिस्पर्ध्यांबद्दल आहे. त्या काळी दोन लीगमध्ये मिळून सोळाच संघ होते, म्हणजे जागा कमी आणि निवड कडक. पण कृष्णवर्णीय खेळाडूंना मुख्य लीगची दारे १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनच्या रूपाने उघडली आणि सर्व संघांत ती उघडायला आणखी बारा वर्षे लागली. स्पानची बहुतेक कारकीर्द दारे उघडल्यानंतरची असल्यामुळे रॉबिन्सन, मेज, विली मॅककव्ही यांना त्याने तोंड दिले आहे. एक कबुली मात्र द्यावीच लागते. उजव्या हाताच्या दमदार फलंदाजांनी भरलेल्या ब्रुकलिन डॉजर्सविरुद्ध, त्यातही त्यांच्या लहान मैदानावर, त्याचे व्यवस्थापक त्याला शक्यतो उतरवत नसत. त्याच्या आकड्यांत या सोयीचा थोडा वाटा आहे.

युद्ध नसते तर त्याचे ४०० विजय झाले असते, हे विधानही वारंवार केले जाते. १९४३ ते १९४५ हे तीन मोसम गेले, वर्षाला पंधरा धरले तरी चारशेच्या वर जाते, असा तो हिशेब. पण बावीस ते चोवीस या वयात कच्च्या कोपराने टाकलेले हजारो चेंडू त्या तीन वर्षांत वाचलेही होते. तो हात बेचाळीसपर्यंत टिकला, यात त्या विश्रांतीचा हात किती, हे मोजता येत नाही, पण तिला शून्य धरणेही बरोबर नाही.

त्याने वेळेवर थांबायला नको होते का

१९६४ मध्ये सहा विजय आणि तेरा पराभव. ब्रेव्ह्जने त्याला न्यूयॉर्क मेट्सला विकले. मेट्स हा तेव्हा सतत हरणारा नवा संघ होता आणि त्याचा व्यवस्थापक होता वयाची पंचाहत्तरी गाठणारा केसी स्टेंगल. स्टेंगल थोर ठरण्याआधी आणि नंतरही त्याच्या हाताखाली खेळलेला मीच, असे स्पान तिरकसपणे म्हणे. मेट्सने मोसमाच्या मध्यावर त्याला मोकळे केले, जायंट्सने घेतले, आणि १९६५ ची बेरीज झाली सात विजय, सोळा पराभव. त्यावर्षी तो मुख्य लीगमधून कायमचा बाहेर पडला, तरी आपण निवृत्त झालो असे त्याने मान्य केले नाही. बेसबॉलनेच मला निवृत्त केले, हे त्याचे म्हणणे.

खेळाडूने शिखरावर असताना थांबावे, असे आपल्याकडे नेहमी बोलले जाते, आणि १९६३ च्या तेवीस विजयांनंतर स्पान थांबला असता तर चित्र अधिक देखणे झाले असते, यात शंका नाही. परंतु वेग गेल्यावर दोनदा नवे चेंडू शिकून उभा राहिलेल्या माणसाने तिसऱ्यांदाही जमेल असे का समजू नये? १९६६ मध्ये तो मेक्सिकोत जाऊन थोडे टाकून आला. पुढच्या वर्षी ओक्लाहोमामधील टल्सा येथील खालच्या लीगच्या संघाचा तो व्यवस्थापक झाला, आणि पिचर कमी पडले तेव्हा, वयाच्या ४६ व्या वर्षी, मुलांच्या वयाच्या फलंदाजांसमोर तो स्वतः त्या मातीच्या उंचवट्यावर चढला. उजवा पाय अजून तसाच उंच जात होता.